सरकारी रुग्णालयाचा रुपया

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस हा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. संत, साहित्य आणि इतिहास यांच्या पंक्तीस रुग्णालयाचा जमाखर्च आणून बसविणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखेच आहे. तथापि ज्या घरातून गेल्या वर्षभरात कोणीच दवाखान्याची पायरी चढले नाही, असे घर आपल्या गावात सापडणे कठीण. आणि कारले कडू असले तरी प्रकृतीला मानवते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. तेव्हा थोडा वेळ या कडू भाजीकडे वळण्याची परवानगी असावी.

वरणगावची वस्ती ध्यानात घ्या. उत्तरेस तापीचे खोरे, शिवारात केळी आणि कापूस, गावाला लागून संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना, आणि हाकेच्या अंतरावर म्हणावे असे भुसावळचे रेल्वे जंक्शन. रेल्वेच्या नोकराला भुसावळास रेल्वेचे रुग्णालय आहे. कारखान्यातील कामगाराला त्याच्या खात्याची वैद्यकीय सोय आहे. बागायतदार आजारी पडला तर केळीचा घड विकून का होईना, जळगावचा खाजगी डॉक्टर गाठतो. उरतो तो शेतमजूर, हातगाडीवाला, वीटभट्टीवरील कुटुंब आणि घरी एकटी राहणारी म्हातारी. यांचा सगळा भरवसा सरकारी रुग्णालयावर. त्या रुग्णालयातील रुपया नीट खर्च झाला की वाया गेला, हा प्रश्न यांच्यासाठी हिशेबाचा नाही, जिवाचा आहे.

काटकसर म्हणजे कार्यक्षमता नव्हे

सरकारी रुग्णालयाची आर्थिक कार्यक्षमता वाढविली पाहिजे, असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. पहिली, आता खर्च कापणार. दुसरी, आता फी लावणार. दोन्ही शंका निराधार नाहीत, कारण कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन्ही गोष्टी जगभर झाल्या आहेत. इंग्लंडने १९४८ च्या जुलैमध्ये सर्वांस मोफत अशी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, आणि चार वर्षांच्या आत, १९५२ साली, औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकारणी आली. आपल्या महाराष्ट्राने मात्र उलट दिशेने पाऊल टाकले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपर, तपासण्या आणि उपचार यांची आकारणी राज्य शासनाने बंद केली. आमच्या मते हे योग्यच झाले. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्याचा पाया हाच होता की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारास मुकता कामा नये.

परंतु फी बंद झाली म्हणजे उपचार फुकट झाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. येथे एक लहानसा हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यापुरते धरलेले आहेत. एक मजूर बाई तापाने आजारी मुलाला घेऊन तीस खाटांच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात येते. डॉक्टर आहेत, खाट आहे, पण दीडशे रुपयांचे इंजेक्शन कोठारात नाही. मुलाला पुढे जळगावास पाठविले जाते. रुग्णवाहिका दुसऱ्या कामावर गेलेली, म्हणून गाडीभाडे सहाशे रुपये. आई आणि बाप दोघांचीही मजुरी बुडते. चारशे आणि चारशे असे दिवसाचे आठशे, दोन दिवसांचे सोळाशे. एकूण बावीसशे रुपये गेले. रुग्णालयाच्या वहीत मात्र काय लिहिले जाईल? औषधखर्चात दीडशे रुपयांची बचत!

आमच्या संपूर्ण विवेचनाचे सार या एका उदाहरणात आहे. सरकारी वहीत जी बचत दिसते, ती पुष्कळदा बचत नसतेच. तो खर्च सरकारच्या खिशातून निघून गरिबाच्या खिशात गेलेला असतो, आणि जाताना दीडशाचे बावीसशे झालेले असतात. म्हणून रुग्णालयाचा खरा हिशेब मांडताना रोग्याच्या घरचा खर्चही त्यात धरला पाहिजे. तो धरला की काटकसर कोणती आणि उधळपट्टी कोणती, याचे उत्तर अनेकदा उलटे येते. देशाच्या आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे केंद्र शासनाचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. पण शंभरांतील एकोणचाळीस रुपये अजून रोग्याच्या घरातूनच जात होते, हेही विसरता येत नाही.

एक रोगी, तीन वह्या

असे का होते? त्याचे एक कारण आपल्या व्यवस्थेच्या रचनेत आहे. खेड्यातील उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आले. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखालचे. आणि जळगावचे जे मोठे सरकारी रुग्णालय, ते २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यावर त्या महाविद्यालयाला जोडले गेले. म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. धुळ्यासही हेच आहे. रोगी एकच, त्याचा आजार एकच, पण त्याचा खर्च लिहिणाऱ्या वह्या तीन.

एकत्र कुटुंबात तीन भावांच्या तीन चुली झाल्या की म्हातारीच्या औषधाचा खर्च प्रत्येक जण दुसऱ्याच्या दारात ढकलतो, तसे येथे होऊ लागते. खालच्या संस्थेने रोगी वर पाठविला की तिचा खर्च वाचतो. वरच्या संस्थेत मात्र साध्या तापाचे आणि साध्या बाळंतपणाचे रोगी दाटीने जमतात, आणि ज्या गुंतागुंतीच्या रोग्यासाठी ती संस्था उभारली, त्याला जागा उरत नाही. साधे बाळंतपण गावाजवळ होणे हे आईच्या सोयीचे तर आहेच, पण सरकारी तिजोरीसही तेच स्वस्त पडते. कारण मोठ्या रुग्णालयातील प्रत्येक खाटेमागे तज्ज्ञ, यंत्रे आणि इमारत यांचा फार मोठा खर्च उभा असतो.

रिकामी खाट आणि बंद यंत्र

आता रुग्णालयाच्या आतील खर्चाकडे वळू. रुग्णालयाच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो. इमारत, वीज, पाणी, यंत्रे यांचा खर्चही रोगी आला किंवा न आला तरी चालूच राहतो. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एक चमत्कारिक सत्य हाती येते. रुग्णालयात सर्वांत महाग काय असेल, तर जे वापरले जात नाही ते.

पुन्हा तीस खाटांचेच रुग्णालय घ्या. तीस खाटा गुणिले ३६५ दिवस म्हणजे वर्षाचे १०,९५० खाट-दिवस. समजा, त्या रुग्णालयाचा वर्षाचा ठरीव खर्च तीन कोटी रुपये आहे, आणि सोपेपणासाठी बाह्यरुग्ण विभाग तूर्त बाजूस ठेवू. खाटा सरासरीने निम्म्याच भरलेल्या असतील, तर ५,४७५ खाट-दिवस वापरले गेले, आणि एका खाटेचा एका दिवसाचा खर्च सुमारे ५,४८० रुपये पडला. एखादा कडक अधिकारी आला आणि त्याने खर्चात सरसकट दहा टक्के कपात केली, तर हा आकडा सुमारे ४,९३० वर येईल. पण कपात न करता, नीट व्यवस्थेने खाटा ऐंशी टक्के उपयोगात आणल्या, तर तोच आकडा सुमारे ३,४२५ होईल. कपातीने जे साधले नाही, त्याच्या जवळजवळ चौपट उपयोगाने साधले. शिवाय कपातीत कोणाचे तरी औषध किंवा जेवण तुटले असते ते वेगळेच.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. खाटा भरावयाच्या म्हणून बऱ्या माणसाला निजवून ठेवणे ही कार्यक्षमता नव्हे. तसेच सगळ्या खाटा सदैव भरलेल्या असणेही चांगले नाही. रात्री अपघात झाला किंवा पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली, तर त्यासाठी जागा मोकळी हवीच.

भुसावळच्या यार्डात काम केलेल्या माणसास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मालगाडीचा डबा एकदा भरल्यापासून पुन्हा भरला जाईपर्यंत किती दिवस लागले, हे रेल्वे काटेकोर मोजते. डबा यार्डात उभा राहिला की नुकसान. रुग्णालयाच्या खाटेचेही तसेच आहे. हर्नियाचा रोगी सोमवारी दाखल झाला, रक्ताचा अहवाल बुधवारी आला, भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच गुरुवारी येतात म्हणून शस्त्रक्रिया गुरुवारी झाली. तीन दिवस खाट अडली, तीन दिवस रोग्याची आणि त्याच्या सोबत्याची मजुरी बुडाली, आणि उपचार असा काही झालाच नाही. तपासण्या बाहेरूनच करून रोग्याला बुधवारी संध्याकाळी दाखल करून घेतले असते, तर एक पैसाही जास्त न खर्चता त्याच खाटेवर आणखी एकाची सोय झाली असती. ही सुधारणा मंत्रालयातून होत नाही. ती परिचारिका, तंत्रज्ञ आणि वैद्यकीय अधीक्षक यांनी एका टेबलाभोवती बसून आठवड्याचे वेळापत्रक आखण्याने होते.

यंत्रांची कथा याहून दुःखद आहे. केंद्र शासनाने २०१५ च्या सुमारास देशभरातील सरकारी आरोग्यसंस्थांतील यंत्रांची मोजदाद करविली. २९,११५ संस्थांत ७,५६,७५० यंत्रे आढळली, त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांतील १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद पडलेली होती. म्हणजे सर्वांत बऱ्या राज्यातही आठांतील एक यंत्र निकामी, आणि सर्वांत वाईट राज्यात तिनांतील एक. यंत्र खरेदी करताना फोटो निघतो, फीत कापली जाते. वर्षभराने फ्यूज उडाला किंवा एखादा सुटा भाग झिजला, तर त्याच्या दुरुस्तीची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून करावी यावर पत्रव्यवहार सुरू होतो. यंत्र कोपऱ्यात सरकते, त्यावर चादर पडते, आणि पुढे डेड स्टॉक रजिस्टरातून निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो. आपल्या गावच्या कारखान्यातील कोणत्याही फिटरला विचारा. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्त करावयाचे नसते, बंद पडू नये म्हणून ठरल्या दिवशी उघडून पाहावयाचे असते, हे तो सांगेल. तेल-पाण्याच्या या शिस्तीचा रुग्णालयांस अजून पुरता परिचय झालेला नाही. ती मोजदाद झाल्यावर देखभालीचे काम एकत्रितपणे करारावर देण्याची योजना राज्यांपुढे ठेवली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण कराराने काम होते की नाही, हे पाहणारा माणूस रुग्णालयातच हवा. यंत्र कोणत्या तारखेस बंद पडले आणि कोणत्या तारखेस सुरू झाले, एवढ्या दोन तारखांची नोंद ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

औषधाचे कोठार

पगाराखालोखाल महत्त्वाचा खर्च औषधांचा, आणि रोग्याच्या दृष्टीने तर तोच पहिला. ‘बाहेरून आणा’ ही दोन शब्दांची चिठ्ठी हातात पडली की मोफत उपचाराची सगळी भाषा संपते.

औषधखरेदीत दोन टोके आहेत. प्रत्येक रुग्णालयाने आपापली खरेदी केली तर भाव चढा पडतो, आणि गैरव्यवहारास वाव मिळतो. सगळी खरेदी एकाच ठिकाणी केली तर भाव उतरतो, पण त्या एका ठिकाणी फाईल अडली की सगळ्या राज्याचे कोठार रिकामे. महाराष्ट्राने दुसऱ्या टोकाचा अनुभव घेतला. २०१७ साली राज्यातील औषधे आणि यंत्रे यांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली. हाफकिन हे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. १८९७ साली प्लेगची लस तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचे ते नाव. सर्पदंशावरील लस बनविणारी ही परंपरा. परंतु लस बनविणे ही एक विद्या आणि हजारो वस्तूंची वेळेवर खरेदी करणे ही दुसरी. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ साली राज्याने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अशी स्वतंत्र संस्था स्थापन केली.

या संस्थेने कोणाकडून शिकावे? उत्तर दूरचे नाही. तामिळनाडूने १९९४ साली आपले वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले, आणि १९९५ पासून ते कामास लागले. त्याची रीत साधी आहे. आवश्यक औषधांची आटोपशीर यादी करावयाची, आणि औषध त्याच्या मूळ नावाने घ्यावयाचे, कंपनीच्या नावाने नव्हे. भाव सगळ्या राज्यासाठी एकत्र ठरवावयाचा. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे ठेवावयाची. आलेल्या मालाचे नमुने नाव झाकून प्रयोगशाळेत तपासावयाचे. आणि सर्वांत नामी युक्ती म्हणजे प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक द्यावयाचे. त्या पासबुकात त्या रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम जमा दाखविलेली असते. रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलावे, आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा व्हावी. म्हणजे भाव एकत्र, पण निवड रुग्णालयाची. ज्या गावी विंचू-साप जास्त, तेथे ती लस जास्त जाईल. जेथे बाळंतपणे जास्त, तेथे त्याची औषधे. वरून न मागता आलेले औषध पडून मुदतबाह्य होण्याचा प्रकार या रीतीने कमी होतो. राजस्थानने २०११ साली मोफत औषध योजना सुरू करताना याच मार्गाचा अवलंब केला.

कोठाराच्या आतील व्यवस्थेसही शास्त्र आहे, पण ते आपल्या घरातील गृहिणीस ठाऊक असलेलेच शास्त्र आहे. घरखर्चाच्या यादीत चाळीस जिनसा असतात, पण धान्य, तेल, डाळ अशा पाच-सात जिनसांतच बहुतेक पैसा जातो. तिचे लक्ष त्यांच्या भावावर असते. काडेपेटी स्वस्त असते, पण ती संपली तर चूल पेटत नाही. म्हणून ती कधी संपू द्यावयाची नाही, हाही तिचा नियम असतो. औषधांचेही तसेच दोन अंगांनी वर्गीकरण करतात. पैशाच्या अंगाने मोठी कोणती, आणि जिवाच्या अंगाने मोठी कोणती. पहिल्यांच्या खरेदीवर करडी नजर हवी. दुसऱ्यांचा साठा कधीही शून्यावर येता कामा नये, मग ती कितीही स्वस्त असोत. खानदेशात पहिला पाऊस पडून पेरणीची धांदल उडाली की शेतात सर्पदंश वाढतात. त्यावरील लस मेअखेरीस कोठारात आली पाहिजे. ती ऑगस्टात आली, तर कागदोपत्री पुरवठा शंभर टक्के, आणि प्रत्यक्षात उपयोग अर्धा. साठ्याची नोंद आता ई-औषधी या संगणक प्रणालीवर होते. यंत्र आकडे दाखवील, पण मिरगाचे नक्षत्र जवळ आले हे माणसानेच ओळखावे लागेल.

मार्चअखेरचा पैसा

पैसा किती मिळाला, याइतकेच तो केव्हा मिळाला, हे महत्त्वाचे असते. शेतकऱ्याला पीककर्ज जूनमध्ये मिळाले तर बी पडते. तेच दिवाळीत मिळाले तर त्याचे तो करणार काय? सरकारी अनुदान मात्र वर्षाच्या पूर्वार्धात थेंबाथेंबाने येते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये धो धो कोसळते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही तर परत जाते. मग जे लागते ते नव्हे, जे पटकन मिळते ते खरेदी होते. कपाटे येतात, खुर्च्या येतात, एकाच औषधाची खोकी येतात, आणि एप्रिलमध्ये साधे हातमोजे नसतात.

यात आणखी एक खाच आहे, ती व्यापारी लोक चटकन ओळखतात. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असतो. सरकार बिल सहा महिने देणार नाही, हे ठाऊक असलेला पुरवठादार ते सहा महिन्यांचे व्याज आपल्या दरात आधीच मिळवून ठेवतो. प्रामाणिक लहान व्यापारी तर अशा निविदेच्या वाटेस जातच नाही. म्हणजे बिल उशिरा देऊन सरकार काही वाचवीत नाही. उलट जादा भाव देऊन वाईट माल घेण्याची तजवीज करते. ठरल्या दिवशी बिल चुकते करणे, ही आमच्या मते सर्वांत स्वस्त आर्थिक सुधारणा आहे. तिला नवा कायदा नको, नवी इमारत नको.

अधिकार रोग्याच्या जवळ

आता एका जुन्या पण बोधप्रद घटनेकडे वळू. १९९४ साली सुरतेस प्लेगची धास्ती पसरली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. होळकरांच्या नावाचे हे मोठे सरकारी रुग्णालय. तेथील जिल्हा प्रशासनाने नागरिकांची मदत घेऊन रुग्णालय रिकामे केले, उंदीर मारले, कचरा काढला, दुरुस्त्या केल्या. आणि ही स्वच्छता टिकावी म्हणून डॉक्टर, अधिकारी आणि नागरिक यांची एक नोंदणीकृत समिती स्थापन केली. तीच रोगी कल्याण समिती. रुग्णालयात जमा होणारा पैसा राजधानीच्या तिजोरीत न जाता त्याच रुग्णालयात राहावा, आणि समितीने तो तेथेच खर्चावा, ही त्यातील मुख्य कल्पना. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा ही रचना देशभर नेण्यात आली. आपल्याकडे तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात.

इंदूरच्या कल्पनेत दोन धागे होते. रोग्याकडून पैसा घेणे हा एक, आणि तो पैसा रुग्णालयातच खर्चण्याचा अधिकार हा दुसरा. पहिला धागा गरिबाच्या गळ्यास लागतो, आणि महाराष्ट्राने तो २०२३ साली तोडला, हे वर आलेच आहे. दुसरा मात्र जपण्यासारखा आहे. अभियानाने रुग्णालयांस कोणत्याही शीर्षाला न बांधलेला असा निधी दिला. आरंभीच्या नियमांप्रमाणे उपकेंद्रास वर्षाला १०,००० रुपये, प्राथमिक आरोग्य केंद्रास मुक्त निधी, देखभाल आणि समिती मिळून १,७५,०००, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या संस्थेस २,५०,००० रुपये. रक्कम लहान आहे. पण नळ गळतो, बल्ब जातो, प्रसूतिगृहाची खिडकी फुटते, तेव्हा याच लहान रकमेचे मोल मोठे असते. दोनशे रुपयांच्या वॉशरसाठी जिल्ह्याच्या गावी प्रस्ताव पाठविणारी व्यवस्था त्या प्रस्तावाच्या कागदावर आणि कारकुनाच्या वेळेवर दोन हजार खर्च करीत असते.

अधिकार दिला तर गैरवापर होईल, अशी भीती नेहमी दाखविली जाते. होईलही. पण अधिकार न दिल्याने होणाऱ्या नुकसानीची चौकशी कधी होत नाही, कारण त्या नुकसानीची पावती फाटत नाही. लेखापरीक्षक झालेला खर्च तपासतो. वेळेवर न झालेल्या खर्चामुळे कोणाचे काय झाले, हे त्याच्या वहीत सहसा येत नाही. यास्तव अधिकार जवळ द्यावा, आणि त्याचबरोबर हिशेबही जवळच उघडा ठेवावा, असे आमचे मत आहे.

अलीकडे आणखी एका वाटेने रुग्णालयात पैसा येऊ लागला आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत आपल्या खानदेशातील धुळे जिल्हा होता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर आली, आणि २०१७ साली महात्मा जोतिबा फुले यांचे नाव तिला मिळाले. या योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा ठरावीक दर असतो, आणि सरकारी रुग्णालयाने ती केली तर त्यालाही ती रक्कम मिळते. अमेरिकेने वृद्धांच्या विम्यात १९८३ पासून अशीच ठरीव दराची पद्धत आणली. त्यापूर्वी जितका खर्च दाखवावा तितका मिळे, म्हणून खर्च फुगत असे. ठरीव दराने रुग्णालय जपून खर्च करू लागते, हा तिचा गुण. रोग्याला लवकर घरी पाठविण्याचा मोह होतो, आणि ज्या आजाराचा दर चांगला त्याच्याकडेच लक्ष वळते, हा तिचा दोष. लसीकरणाला, क्षयरोग्याच्या पाठपुराव्याला, साप चावलेल्या माणसाला रात्री दोन वाजता सांभाळण्याला असा घसघशीत दर नसतो. म्हणून या उत्पन्नाचा उपयोग अवश्य करावा, पण त्यावर रुग्णालयाचा संसार उभारू नये. मूळ अनुदान कमी करण्याचे निमित्त म्हणून तर त्याचा उपयोग मुळीच होऊ देऊ नये.

हिशेब कोणी पाहावा

एवढे सगळे करूनही पैसा पुरेसा नसेल तर? नाहीच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावरील खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरविले होते. ती मुदत गेली, आणि ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. रिकामे पद वेळापत्रकाने भरत नाही, आणि नसलेला भूलतज्ज्ञ काटकसरीने निर्माण होत नाही. कार्यक्षमता ही पुरेशा पैशाच्या बदल्यात चालणारी वस्तू नव्हे. तथापि आहे तो रुपया नीट लागला, असे दाखवून देणाऱ्या रुग्णालयाची आणखी एका रुपयाची मागणी कोणालाही सहजासहजी नाकारता येत नाही, हेही तितकेच खरे.

मग तुम्ही-आम्ही काय करावे? आमची सूचना लहान आहे. आपल्या भागातील प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारात एक फळा असावा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यावर पाच आकडे लिहिले जावेत. गेल्या महिन्यात खाटा सरासरी किती भरल्या. रोगी सरासरी किती दिवस राहिला. जिवाच्या दृष्टीने आवश्यक अशा औषधांपैकी कोणते किती दिवस कोठारात नव्हते. कोणते यंत्र किती दिवस बंद होते. आणि किती रोग्यांस औषधासाठी किंवा तपासणीसाठी बाहेर पाठवावे लागले. पाचवा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण दीडशाचे बावीसशे होतात ते तेथेच. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत या फळ्यावर चर्चा व्हावी. गावातील निवृत्त मास्तर, रेल्वेचा गार्ड, कारखान्याचा स्टोअरकीपर यांना असले आकडे वाचण्याची सवय असते. त्यांच्या सवयीचा गावाला उपयोग व्हावा.

हे आकडे डॉक्टरला किंवा परिचारिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हेत. बहुतेक वेळा तेच त्या व्यवस्थेचे पहिले बळी असतात. औषध नाही हे रोग्याच्या तोंडावर सांगण्याचे काम शेवटी त्यांच्याच वाट्यास येते, आणि शिव्याही तेच खातात. फळ्यावरचा आकडा त्यांच्या बाजूने बोलेल, आणि जेथून औषध यावयाचे होते त्या दारापर्यंत प्रश्न नेऊन पोहोचवील.

आपल्याकडे शेतकरी खळ्यावर रास लागली की सुपातून उधळून पाहतो, फोल किती आणि दाणा किती. सरकारी रुग्णालयाचा रुपया हा आपल्याच करातून आलेला दाणा आहे. तो वर्षातून एकदा तरी उधळून पाहणे हे आपले काम आहे. आणि ते पाहताना एकच प्रश्न विचारावा. ज्या बाईजवळ गाडीभाड्याचे सहाशे रुपये नाहीत, तिच्या मुलापर्यंत त्यातले किती पोहोचले?